न्यूझीलंडमध्ये अठ्ठावीस दिवस चाकांवरचा संसार

नाशिकहून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते बँकेतून निवृत्त झाले असून पत्नी, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू अशा पाच जणांनी येत्या एप्रिलच्या मध्यापासून अठ्ठावीस दिवस न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅनने फिरायचे ठरवले आहे. सहा जणांच्या झोपण्याची सोय असलेली एकच मोठी गाडी ऑकलंडला ताब्यात घ्यायची, दक्षिण टोकाच्या ब्लफपर्यंत जायचे आणि पुन्हा ऑकलंडला यायचे, असा मुलाचा आराखडा आहे. एकूण अंतर ४,६०० किलोमीटर आणि मुक्काम बावीस. फुकट मुक्काम कुठे करता येईल, स्वयंपाकाचे काय न्यावे आणि गाडी कोणती घ्यावी, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात : "सौ.चा मात्र उत्साह दिसत नाही. रोज घर उचलून पुढच्या गावी मांडायचे म्हणजे सहल की बदली, असे ती म्हणते. तिची समजूत कशी घालावी?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेते, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. वहिनींची समजूत घालू नका. त्यांनी आराखड्यातला खरा दोष नेमका हेरला आहे. मुलाने रस्ता मोजला आहे, आणि वहिनी संसार मोजत आहेत. कॅम्परव्हॅनच्या प्रवासात संसाराचाच हिशेब आधी करावा लागतो.

४,६०० किलोमीटरला अठ्ठावीस दिवसांनी भागले, तर रोजचे सुमारे १६४ किलोमीटर येतात. नाशिक-मुंबई जवळपास तेवढेच आहे, त्यामुळे कागदावर हा आकडा अगदी सोसण्यासारखा वाटतो. पण मुक्काम हलवण्याचा एक दिवस प्रत्यक्षात कसा जातो ते पाहा. एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे तिथल्या शरद ऋतूत, दक्षिण बेटावर उजाडायला साडेसात वाजतात आणि सहाच्या आत सूर्य मावळतो. हॉलिडे पार्क म्हणजे अशा गाड्यांना रात्रीपुरती भाड्याने जागा देणारे तळ, तिथली जागा बहुतेक ठिकाणी सकाळी दहाला सोडावी लागते. पाच जणांची आंघोळ, नाश्ता, अंथरुणे उचलून पलंगाचे पुन्हा बाक करणे, भांडी बंद कपाटात लावणे, सांडपाणी सोडणे, पिण्याचे पाणी भरणे आणि विजेची केबल गुंडाळणे एवढ्यात ते दहा कधी वाजतात हे कळतही नाही. डोंगराळ, दुपदरी, वळणावळणाच्या रस्त्यावर अशी मोठी गाडी सरासरी ताशी साठच्या पुढे फारशी जात नाही, म्हणजे तीन तास चालवणे, त्यात थांबे धरून साडेचार तास, आणि वाटेत किराणा व डिझेल यांचा एक तास. चार वाजता तुम्ही नव्या जागी पोहोचता, गाडी समपातळीवर लावता, केबल जोडता, पलंग पसरता, आणि अंधार पडतो. जे पाहण्यासाठी आलो ते खिडकीतून मागे गेलेले असते. असे बावीस दिवस काढायचे, असे तुमचा आराखडा सांगतो.

म्हणून माझा सल्ला असा की ऑकलंड ज्यावर आहे ते उत्तर बेट या खेपेला पूर्णपणे सोडावे. सिंगापूरमार्गे थेट दक्षिण बेटावरच्या ख्राइस्टचर्चला उतरता येते, तिथेच गाडी घ्यावी आणि तिथेच परत करावी. त्यामुळे वेलिंग्टन ते पिक्टन ही दोन बेटांना जोडणारी साडेतीन तासांची, मोठ्या गाडीला बऱ्यापैकी महाग पडणारी बोटीची फेरी जाता-येता दोन्ही वेळा वाचते. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचा पर्याय मुलाने सुचवला, तर त्यासाठी कंपन्या बहुधा वेगळे शुल्क घेतात हे आधी विचारून घ्यावे. दक्षिण बेटावरचे मी सुचवते ते वर्तुळ साधारण १,८०० किलोमीटरचे आहे. इकडेतिकडे जाणे धरले तरी ते २,२०० च्या आत राहील, आणि मुक्काम बावीसऐवजी अकरा-बारा होतील. नियम एकच ठेवावा : गाडीतली पहिली रात्र आणि एखादा डोंगरी टप्पा सोडला, तर कुठल्याही ठिकाणी दोन रात्रींपेक्षा कमी राहायचे नाही, आणि ज्या दिवशी गाडी हलवली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती हलवायची नाही.

पहिल्या दोन रात्री ख्राइस्टचर्चला हॉटेलात काढाव्यात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर ती आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असतात. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाने त्याच दिवशी सात मीटर लांबीची अनोळखी गाडी रस्त्यावर काढणे धोक्याचे आहे. मुलगा तरुण आहे, त्याला झेपेल, असे तुम्ही म्हणाल, पण हा प्रश्न वयाचा नसून झोपेचा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्यावी, दुपारी किराणा भरावा आणि पहिली रात्र शहराच्या जवळच्याच एखाद्या हॉलिडे पार्कमध्ये काढावी, म्हणजे काही अडले तर कंपनीचा डेपो हाकेच्या अंतरावर असतो.

तिथून २२५ किलोमीटरवर टेकापो आहे. त्या तळ्याच्या पाण्याचा निळसर दुधी रंग फोटोत खोटा वाटतो, पण तो खरा आहे : हिमनद्या खडक दळत खाली सरकतात, ते पिठासारखे बारीक दगडचूर्ण पाण्यात तरंगत राहते आणि उन्हात असा रंग दिसतो. हा सगळा प्रदेश २०१२ पासून आंतरराष्ट्रीय गडद आकाश राखीव क्षेत्र म्हणून जपला जातो, रस्त्यावरचे दिवेसुद्धा प्रकाश वर जाणार नाही असे बसवलेले आहेत. नातवाला आकाशगंगा दाखवायची असेल, तर इथे तीन रात्री हव्यातच, कारण एखादी रात्र ढगाळ निघण्याची शक्यता धरून चालावे लागते. पुढे १०५ किलोमीटरवर आओराकी अर्थात माउंट कुक हे ३,७२४ मीटर उंचीचे, देशातले सर्वांत उंच शिखर आहे. त्याच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल हा सरकारी संवर्धन खात्याचा तळ आहे, तिथे विजेची जोडणी नाही, पण सकाळी दार उघडले की समोर बर्फ असते. त्यानंतर लिंडिस खिंडीतून वानाका, मग क्वीन्सटाउनजवळचे ॲरोटाउन. एप्रिलच्या उत्तरार्धात ॲरोटाउनची झाडे पिवळी-केशरी होतात. तुम्ही निवडलेला काळ त्या दृष्टीने फार चांगला आहे. वानाकाहून जाताना क्राउन रेंजचा जवळचा रस्ता न घेता क्रॉमवेलवरून फिरून जावे. क्राउन रेंजचा घाट उंच आणि तीव्र वळणांचा आहे, आणि काही कंपन्या आपल्या गाड्यांना तिथे मनाई करतात. स्किपर्स कॅन्यनचा रस्ता तर भाड्याच्या जवळजवळ सर्वच गाड्यांना वर्ज्य असतो. तिथे अपघात झाला तर विम्याचा उपयोग नाही.

'ते आनाऊ' नावाच्या गावाला चार रात्री द्याव्यात आणि तिथून मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या खाडीला आपली गाडी नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. ते आनाऊ ते मिलफर्ड ११८ किलोमीटरचा रस्ता अतिशय देखणा आहे, पण तो एकाच दिवसात जाऊन-येऊन करताना चालवणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि १९५४ साली खुल्या झालेल्या होमर बोगद्यानंतरचा उतार मोठ्या गाडीला कसोटीचा आहे. ते आनाऊहून बोटीच्या फेरीसह बस मिळते. गाडी तळावर उभी ठेवून पाचही जणांनी खिडकीशी बसून जावे. तरी मुलाला स्वतःच न्यायची असेल, तर डिझेलची टाकी ते आनाऊलाच पूर्ण भरावी, वाटेत मोबाइलला रेंज नसते हे धरून चालावे, आणि बोगद्याशी थांबल्यावर कीआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट जवळ आले तर त्यांना काहीही खायला घालू नये. हे पक्षी गाडीच्या खिडकीची रबरे चोचीने सोलून काढतात, आणि माणसाचे अन्न त्यांनाही बाधते. त्या रस्त्यावर हिमस्खलनाचा काळ साधारण जूनपासून धरतात, परंतु मे महिन्यातही निघायच्या दिवशी सकाळी रस्त्याची स्थिती पाहूनच निघावे.

तिथून वानाकाला परत येऊन हास्त खिंडीने पश्चिम किनाऱ्यावर उतरायचे, फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या हिमनद्यांच्या परिसरात दोन रात्री, होकिटिकाला दोन, आणि आर्थर्स पास ओलांडून ख्राइस्टचर्च. किनाऱ्यावर पाऊस पुष्कळ पडतो आणि सँडफ्लाय नावाच्या बारीक चावऱ्या माश्या असतात. अंधार पडला की त्या चावत नाहीत, पण दिवसा दार उघडे राहू देऊ नका. हास्तजवळ वस्ती विरळ आहे, त्यामुळे वानाका सोडतानाच डिझेल आणि किराणा भरलेला असावा.

आता फुकट मुक्कामाविषयी. तिथे याला फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात, आणि आपल्याकडे जसे हमरस्त्याच्या कडेला ढाब्यामागे गाडी लावून झोपता येते, तसा हा प्रकार मुळीच नाही. २०११ च्या कायद्याने त्याला चौकट घालून दिली आणि २०२३ च्या दुरुस्तीने ती बरीच कडक केली. नगरपालिकेच्या जागेवर रात्र काढायची तर गाडी स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी गाडीत कायमचे बसवलेले शौचालय असावे लागते. उचलून ठेवायचे शौचालय आता चालत नाही. त्या प्रमाणपत्रावर किती माणसांसाठी ते ग्राह्य आहे हे लिहिलेले असते, आणि तेवढ्या माणसांचे पाणी व मैला तीन दिवस गाडीतच मावला पाहिजे असा त्याचा अर्थ आहे. नातू लहान असला तरी तो माणसांत मोजला जातो. शिवाय प्रत्येक पालिकेचे नियम निराळे असतात, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे, आणि नियम मोडल्यास किमान काहीशे डॉलरचा दंड होतो. एका न्यूझीलंड डॉलरचे साधारण पन्नास रुपये धरले, तर एका दंडात हॉलिडे पार्कच्या कितीतरी रात्री निघून जातात. पाच जणांच्या कुटुंबाने, त्यातही थंडीच्या तोंडावर, फुकट जागेचा विचार सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. दोन रात्री विजेच्या जोडणीसह हॉलिडे पार्कमध्ये आणि मग एखादी रात्र संवर्धन खात्याच्या साध्या तळावर, असा क्रम ठेवलात तर खर्चही आटोक्यात राहील. हॉलिडे पार्कमध्ये दर बहुधा माणशी असतो, त्यामुळे दोन माणसांचा आकडा पाहून अंदाजपत्रक करू नका.

विजेच्या जोडणीचे महत्त्व स्वयंपाकाशी बांधलेले आहे. गाडीत दोन वेगळ्या वीजव्यवस्था असतात. आतले दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल चार्ज करण्याच्या जागा गाडीच्या दुसऱ्या बॅटरीवर चालतात. मिक्सर, किटली, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले नेहमीचे प्लग मात्र तळावरच्या खांबाला केबल जोडल्यावरच चालू होतात. तिथला वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे, फक्त प्लगच्या पट्ट्या तिरप्या असतात, त्याचे दोन-तीन अडॅप्टर न्यावेत. शेगडी गॅसवर असते, त्यामुळे कुकर कुठेही लावता येतो. तीन लिटरचा एक कुकर, एक जाड बुडाची कढई, तवा आणि पोळपाट-लाटणे एवढे इथून न्यावे. बाकी भांडी गाडीबरोबर मिळतात. फोडणी आणि तळण मात्र गाडीत करू नका. बंद गाडीत तेलाचा वास पडद्यांना आणि गाद्यांना धरतो आणि त्याच गादीवर पाच जणांनी झोपायचे असते. हॉलिडे पार्कमध्ये सामायिक स्वयंपाकघर असते, मोठ्या शेगड्या आणि वाहते गरम पाणी असते. दोन दिवसांची उसळ-भाजी तिथे एकदम करून डब्यात भरून ठेवावी, आणि गाडीत फक्त भात, खिचडी व पोळी गरम करण्याएवढेच करावे. गाडीत शेगडी पेटवली की छताची खिडकी उघडी हवी, आणि थंडी वाजते म्हणून शेगडीवर ऊब घेणे जिवावर बेतू शकते, हे सर्वांना सांगून ठेवा.

इथून खाद्यपदार्थ नेण्याबाबत तो देश फार कडक आहे, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे : त्यांची सारी शेती आणि पशुपालन बाहेरच्या कीड-रोगांपासून दूर राहण्यावर उभे आहे. मध, घरचे तूप, पेढे, खवा, ताजी फळे, कढीपत्ता यांतले काहीही बॅगेत घालू नका. भाजणी, मेतकूट, मसाले न्यायचेच असतील तर बंद पाकिटातले आणि थोडे न्यावेत, आणि प्रवासी घोषणापत्रात प्रत्येक वस्तूची नोंद करावी. नोंद करून वस्तू काढून घेतली गेली तर केवळ वस्तू जाते, पण न सांगता सापडली तर तिथल्या तिथे ४०० डॉलरचा दंड होतो. बुटांच्या तळव्याला माती असेल तर तेही सांगावे लागते, म्हणून चालण्याचे बूट घरीच घासून स्वच्छ करून घ्या. डाळी, तांदूळ, आटा आणि सर्व मसाले ख्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतात. तुमची रोजची औषधे तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात, पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत हवे.

आता ज्या गोष्टीविषयी सहसा कुणी लिहीत नाही, ती मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण वहिनींच्या मनातली अर्धी धास्ती तीच असणार. गाडीतल्या शौचालयाखाली सुमारे वीस लिटरची एक सरकती टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती बाहेरच्या बाजूच्या छोट्या दारातून ओढून काढायची, चाकांवर ओढत डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला सोडण्याच्या ठरलेल्या जागी न्यायची, रिकामी करायची, दोनदा विसळायची आणि ठरलेले रसायन घालून परत बसवायची. ब्लीच कधीही घालायचे नाही. या टाकीचे माप कागद वापरणाऱ्यांना धरून ठरवलेले आहे. आपण पाणी वापरतो, आणि पाच माणसांनी दिवसभर पाणी वापरले तर ती एका दिवसात भरते व लाल दिवा लागतो. यावर उपाय सोपा आहे. सकाळचा विधी हॉलिडे पार्कच्या किंवा गावातल्या सार्वजनिक शौचालयात करायचा. ती तिथे छोट्या गावांतही असतात आणि बहुधा स्वच्छ असतात. गाडीतले शौचालय केवळ रात्री आणि लघवीपुरते ठेवायचे. बरोबर तोटीची एक प्लॅस्टिकची बाटली प्रत्येकाने न्यावी. आणि टाकी रिकामी करण्याचे काम पहिल्या दिवसापासून तुम्ही आणि मुलाने आळीपाळीने करावे. वहिनींकडे आणि सूनबाईंकडे ते कधीही जाऊ देऊ नका. घरात अशा कामांची वाटणी न बोलता होते आणि ती नेहमी एकाच बाजूला कलते, म्हणून निघण्याआधीच ती बोलून ठरवा. सांडपाण्याची टाकी, गॅस, केबल हेही पुरुषांकडे असू दे. स्वयंपाक दोघींचाच, असेही गृहीत धरू नका.

आम्ही माझ्या बहिणीच्या कुटुंबासह गेलो होतो, तेव्हाचा पहिला दिवस सांगते. किराणा भरून ख्राइस्टचर्चच्या बाहेरच्या पहिल्याच गोल चौकात मेहुण्यांनी गाडी वळवली, आणि ओट्याखालचा खण सरकून मिसळणाचा डबा उलटा पडला. खणाची खिटी दाबली की आत बसते, पण टक असा आवाज येईपर्यंत ती लागत नाही, हे आम्हाला माहीत नव्हते. हळद जमिनीच्या खाचांत, बाकाच्या कापडात आणि माझ्या भाचीच्या मोज्यांत शिरली. संध्याकाळचे तीन तास ओल्या फडक्याने ती पुसण्यात गेले आणि तळ्याकाठचा सूर्यास्त हुकला. त्या रात्री बहिणीने एका कार्डावर लिहून काढले : गॅसची चावी बंद, छताची खिडकी खाली, केबल आत, पायरी वर, फ्रीजची खिटी, खणांच्या खिट्या, शौचालयाची झडप, सर्वांचे पट्टे. पुढे रोज निघताना गाडी न चालवणाऱ्या माणसाने ते मोठ्याने वाचायचे आणि ज्याने काम केले त्याने "झाले" म्हणायचे, असे आम्ही ठरवले. त्यानंतर काहीही पडले नाही. असे कार्ड तुम्ही करा, आणि शेवटची ओळ नातवाला तपासू द्या. त्याला ते काम आवडेल आणि तो स्वतःचा पट्टाही आपसूक लावेल.

नातवाच्या बसण्याचा मुद्दा गाडी निवडताना निर्णायक आहे. तिथल्या कायद्याने सातव्या वाढदिवसापर्यंत मुलाला मान्यताप्राप्त बालआसनात बसवणे सक्तीचे आहे. गाडीत झोपण्याच्या जागा किती, यापेक्षा पट्ट्याच्या जागा किती, त्यांतल्या समोर तोंड करून किती आणि बालआसन घट्ट बांधता येईल अशी कोणती, हे कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. मोठ्या गाडीत पुढे दोन किंवा तीनच जण बसतात. बाकीचे मागे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, काही जागा उलट तोंडाच्या असतात, खिडक्या लहान असतात आणि घाटात मळमळते. वहिनी महिनाभर मागेच बसल्या तर त्यांना तो देश दिसणार नाही. दर थांब्यानंतर पुढची जागा बदलावी, आणि ती अदलाबदल मुलाच्या तक्त्यात लिहूनच ठेवावी.

एका गाडीत दोन जोडपी आणि एक मूल इतक्या रात्री झोपणे हेही सोपे नाही. चालकाच्या डोक्यावरचा पलंग शिडीने चढायचा असतो, तो मुला-सुनेला द्यावा, मागचा तुम्हाला. मध्ये फक्त एक पडदा असतो. हॉलिडे पार्कमध्ये गाडीच्या जागेजवळच लहान खोल्या, केबिन, भाड्याने मिळतात. आठवड्यातून एकदा दोन रात्रींसाठी अशी खोली घ्यावी आणि आळीपाळीने एका जोडप्याने तिथे राहावे. दोन लहान गाड्या घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि मने मोकळी राहतात. या खर्चात काटकसर करू नका. फुकट मुक्कामाच्या नादाने वाचवायला निघालेला पैसा खरे तर इथे लावावा.

चालवण्याविषयी थोडेच लिहिते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, हा मोठा दिलासा आहे. महाराष्ट्राचा परवाना इंग्रजीत असतो, तरीही आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून दोन्ही सोबत ठेवा. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग १०० आहे, पण साडेतीन टनांवरच्या गाडीला ९० ची मर्यादा असते. तुमची गाडी कोणत्या गटात येते हे ताब्यात घेतानाच विचारा. एकेरी पुलांची तिथे सवय करावी लागते : लाल कडेच्या गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचे, निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर आधी तुम्ही जायचे. मागे गाड्या साचल्या की डावीकडे दिलेल्या रुंद पट्टीत सरकून त्यांना पुढे जाऊ द्या. गाडीची उंची मीटरमध्ये लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, कारण छताचे आणि खालच्या बाजूचे नुकसान बऱ्याच विम्यांत धरलेले नसते. विम्याची जी रक्कम आपल्या माथी येते ती काही हजार डॉलर असू शकते आणि तेवढी मर्यादा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, म्हणून मुलाच्या कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या. डिझेलच्या गाडीला पंपावरच्या दराखेरीज किलोमीटरप्रमाणे रस्ता वापराचा कर लागतो, तो कंपनी गाडी परत घेताना वसूल करते. मुलाच्या अंदाजपत्रकात हा आकडा नसेल तर घालावा. ४,६०० ऐवजी २,००० किलोमीटर झाले की हा करही निम्म्याहून कमी होतो.

आजारपणाचा विमा इथून अवश्य काढा. तिथली सरकारी अपघात भरपाई योजना परदेशी पाहुण्यांच्या अपघाती दुखापतीचा उपचार बराचसा सांभाळते, परंतु हृदयविकार, ताप, पोटाचा त्रास हे तिच्यात येत नाहीत. साठी ओलांडलेल्या माणसाला धोका नेमका त्यांचा असतो.

कामांचा क्रम असा ठेवा. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटक व्हिसा आधीच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी खर्चाची तरतूद दाखवावी लागते : माणशी महिना १,००० डॉलर, राहण्याचे पैसे आधी भरलेले असतील तर ४००. विमान ऑस्ट्रेलियामार्गे असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसाही पाहावा लागतो, म्हणून सिंगापूरचा मार्ग बरा. गाडीचे आरक्षण तारीख बदलता येईल अशा दरात करा आणि ना-परतीचे पैसे व्हिसा आल्यावरच भरा. एप्रिलमध्ये तिथल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, आणि २५ एप्रिलला, अँझॅक दिन या सैनिकांच्या स्मृतिदिनी, दुपारी एकपर्यंत बहुतेक दुकाने बंद असतात. त्या दिवसांतले टेकापो, ॲरोटाउन आणि ते आनाऊ इथले मुक्काम आधी नोंदवा. पश्चिम किनाऱ्यावरचे मोकळे ठेवा, कारण तिथे पावसाप्रमाणे एक दिवस पुढेमागे करावा लागतो.

या रविवारी मुलाचा तो तक्ता टेबलावर पसरा आणि वहिनींच्या हाती पेन द्या. कुठे दोन रात्री आणि कुठे चार, हे त्यांना ठरवू द्या. किलोमीटरचा रकाना मुलाने नंतर भरावा.